गुलाबी चकत्यांचा मास्क: सुताराच्या नाकासाठी थ्रीएम ६२०० किती कामाचा?

आधी निकाल. थ्रीएमचा ६२०० हा अर्ध्या चेहऱ्याचा रबरी मास्क आणि त्याला लागणाऱ्या २०९१ नंबरच्या गुलाबी चकत्या, ही जोडी सुताराला पाचपैकी चार गुणांची. पॉलिशवाल्याला याच चकत्यांसकट शून्य. दाढी राखणाऱ्याने तर हा मास्क घेऊच नये, पैसे पाण्यात.

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या टॉवरांत फर्निचरचं काम चालू असलेल्या फ्लॅटमध्ये सुताराच्या तोंडावर बहुतेक वेळा गमछा असतो, नाहीतर करोनाच्या वेळचा निळा सर्जिकल मास्क. गमछ्यातून बारीक भुसा सरळ आत जातो. सर्जिकल मास्क बोलणाऱ्याची थुंकी समोरच्यावर उडू नये म्हणून बनवलेला आहे. त्याच्या दोन्ही गालांवरच्या फटींतून हवा ये-जा करते आणि हवेबरोबर धूळही. "मास्क लावा मिस्त्री" म्हटलं की "दम कोंडतो शेठ" हे उत्तर ठरलेलं. दुपारी गुळाचा खडा खाल्ला की धूळ निघून जाते, हा समज तर वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंत पक्का आहे. गूळ घशातून पोटात जातो. नाकाच्या वरच्या कोपऱ्यात बसलेल्या धुळीशी त्याची गाठही पडत नाही.

आणि प्रश्न त्या वरच्या कोपऱ्याचाच आहे. घासकामातल्या धुळीतले मोठे कण, साधारण १० मायक्रॉनच्या वरचे, फुप्फुसापर्यंत पोचतच नाहीत. ते नाकातच अडकतात, विशेषतः डोळ्यांच्या मधोमध असलेल्या जाळीदार हाडाच्या पोकळ्यांच्या तोंडाशी. नाकाच्या आतल्या अस्तराला बारीक केस असतात. ते शेंबडाचा थर सतत मागे घशाकडे सरकवत असतात. वर्षानुवर्षं धूळ खाल्ली की हा सरकता पट्टा मंदावतो, धूळ तिथेच मुक्काम ठोकते, अस्तर सुजलेलं राहतं आणि पेशी बदलायला लागतात. १९६०च्या दशकात इंग्लंडमधल्या हाय विकम या फर्निचरच्या गावात कान-नाक-घसा डॉक्टरांच्या लक्षात आलं की एरवी अतिशय दुर्मिळ असलेला अॅडेनोकार्सिनोमा हा कॅन्सरचा प्रकार त्यांच्याकडे येणाऱ्या सुतारांच्या नाकात फार वेळा सापडतोय. पुढे नॉर्थॅम्पटनशरच्या बूट-कारागिरांतही तेच दिसलं, तिथे कारण चामड्याची धूळ. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आयएआरसी हिनं १९९५ साली लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात टाकलं. पहिला गट म्हणजे माणसात कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा आहे असे पदार्थ. तंबाखूचा धूर आणि अॅस्बेस्टॉस त्याच गटात आहेत.

आजार दुर्मिळच आहे, घाबरवण्याचा हेतू नाही. डोकं-मान भागातल्या कॅन्सरांपैकी ३ ते ५ टक्के नाक आणि सायनसचे. पण सुतारकामात त्यातल्या एका विशिष्ट प्रकाराचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पटींनी वाढतो, आणि धूळ लागल्यापासून गाठ दिसेपर्यंत बहुधा काही दशकं जातात, अनेकदा ४० वर्षांच्या आसपास. म्हणजे १८व्या वर्षी सँडर (लाकूड घासायचं मशीन) हातात घेतलेल्या पोराला त्रास होईल तेव्हा त्याचा ठेकेदार हयात असेलच असं नाही. म्हणूनच या धंद्यात कुणाला घाई वाटत नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. हार्डवुड म्हणजे हाताला कडक लागणारं लाकूड नव्हे, ते पानांवरून ठरतं. रुंद पानांच्या झाडाचं ते हार्डवुड. सागवान, शिसम, आंबा, बाभूळ, बाहेरून येणारं बीच आणि ओक, सगळं हार्डवुड. देवदार आणि पाइन सॉफ्टवुड. सर्वांत ठळक पुरावा बीच आणि ओकच्या धुळीबद्दल आहे. "आम्ही तर एमडीएफच वापरतो, त्यात कुठे लाकूड असतं" असं म्हणणाऱ्यांसाठी: एमडीएफ म्हणजे तंतू दाबून केलेला बोर्ड, आणि आपल्याकडचं एमडीएफ बरंचसं निलगिरी, पॉप्लर, सुबाभूळ अशा झाडांच्या तंतूंचंच असतं. वर त्याला चिकटवणारी राळ बहुतेक वेळा युरिया-फॉर्मल्डिहाइडची. प्लायपेक्षा एमडीएफची धूळ पिठासारखी बारीक पडते आणि हवेत जास्त वेळ तरंगते.

आता मास्क हातात घेऊ. राखाडी रंगाचा मऊ रबरासारखा कप, दोन बाजूंना फिल्टर अडकवायच्या खाचा, मधे श्वास बाहेर टाकायची झडप, मागे डोक्यावर बसणारी प्लास्टिकची जाळी आणि मानेमागे अडकणारा पट्टा. तीन साइझ येतात: ६१०० लहान, ६२०० मध्यम, ६३०० मोठा. दुकानदार डोळे मिटून ६२०० देतो. अरुंद चेहऱ्याच्या पोराला तो हनुवटीखाली सुटतो, म्हणून साइझ घालून बघूनच घ्यायचा. गुलाबी चकती खाचेत ठेवून घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा द्यायचा, ती बसल्याचं हाताला कळतं. अर्धवट फिरवलेली चकती लावून दिवसभर काम करणारे कमी नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला मास्क अगदी ठीक वाटतो.

घालायची पद्धत. कप तोंडा-नाकावर धरा, जाळी टाळूवर सरकवा, खालचे पट्टे मानेमागे अडकवा. आधी वरचे पट्टे ओढायचे, मग खालचे. आवळून आवळून नाकावर वळ उठवला तर रबर वाकतं आणि उलट फट पडते. मग दोन तपासण्या, मिळून दहा सेकंदांचं काम. झडपेच्या झाकणावर तळवा ठेवून हळूच श्वास सोडा: मास्क किंचित फुगला पाहिजे आणि कुठूनही हवेची झुळूक लागता कामा नये. नंतर दोन्ही अंगठे चकत्यांच्या मधल्या खळग्यावर दाबून हळूच श्वास आत घ्या: मास्क चेहऱ्याकडे ओढला जाऊन तसाच राहिला पाहिजे. डोळ्यांकडे गार हवा लागली तर नाकाच्या हाडापाशी गळती आहे. वरच्या पट्ट्यांची ओढ बदला. या तपासण्या दर वेळी मास्क घालताना करायच्या, जेवणाच्या सुट्टीनंतरसुद्धा. संध्याकाळी मास्क काढल्यावर नाकाच्या दोन्ही बाजूंना पांढुरकी रेघ उमटलेली दिसली तर समजायचं, दिवसभर तिथून एमडीएफ आत गेलंय. ही रेघ कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा खरं बोलते.

दाढीचं कारणही हेच. रबर कातडीला टेकलं पाहिजे. एका दिवसाची खुंटंसुद्धा रबर आणि कातडीमध्ये बारीक बोगदे करतात. धर्मामुळे किंवा आवडीनं दाढी ठेवणाऱ्यासाठी बॅटरीवर चालणारा, स्वच्छ हवा फुंकणारा सैल टोप हा मार्ग आहे; तो फारच महाग, पण दाढीवर ६२०० बसवण्याचं नाटक करण्यापेक्षा बरा.

आता गुण का कापला ते. २०९१ ही पी१०० दर्जाची चकती आहे, म्हणजे चाचणीत ९९.९७ टक्के कण अडवणारी. हा आकडा दाखवून दुकानदार विकतो आणि घेणाऱ्याला वाटतं की आपण काचेच्या पेटीत बसलो. पण अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत अर्ध्या चेहऱ्याच्या मास्कचं संरक्षण धरतात फक्त १० पट, चकती कुठलीही असो. कारण चकती गळत नाही, कड गळते. समजा, खिडक्या बंद असलेल्या बेडरूममध्ये सँडर चालू असताना हवेत घनमीटरला २० मिलिग्रॅम धूळ आहे. १० पट धरलं तर आत २ मिलिग्रॅम. युरोपात हार्डवुडच्या धुळीची मर्यादा २०२३पासून २ मिलिग्रॅम आहे, ब्रिटनमध्ये ३, आणि अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची एसीजीआयएच ही संघटना बहुतेक लाकडांसाठी १ सुचवते. म्हणजे उत्तम मास्क नीट घालूनही सुतार काठावरच उभा आहे.

गंमत म्हणजे साध्या एन९५लाही तिकडे तेच १० पट मिळतात. मग अर्ध्या मास्कला जास्त पैसे का मोजायचे? ठाण्याच्या हवेमुळे. मे महिन्यात, किंवा जुलैत पावसाची झड येते म्हणून खिडक्या लावलेल्या असताना, कागदी-कापडी मास्क दोन तासांत घामानं ओला होतो, नाकपट्टी सैल पडते, कड सुटते. रबराला घामाचं काही पडलेलं नाही. पुसलं, परत लावलं. श्वासही सोपा जातो, कारण हवा दोन चकत्यांतून येते आणि बाहेर जायला वेगळी झडप आहे. दम कोंडण्याची तक्रार इथे बरीच कमी होते. आवाज मात्र दबतो, त्यामुळे शिडीवरच्या जोडीदाराला माप सांगायला प्रत्येक वेळी मास्क खाली ओढण्याचा मोह होतो. मापं भिंतीवर पेन्सिलनं लिहायची सवय लावून घेतलेली बरी. डोळ्यांना हा मास्क काहीच देत नाही, चष्मा वेगळा लागतो.

ज्यांना वापरून फेकायचेच हवेत त्यांनी पाकिटावर आयएस ९४७३ आणि आयएसआयची खूण बघावी, आणि दर्जा एफएफपी२ किंवा एफएफपी३. एफएफपी१ लाकडासाठी घेऊ नये. दोन्ही पट्टे डोक्यामागे जाणारे हवेत; कानात अडकवायच्या दोऱ्यांचे केएन९५ गालावर नीट दाबले जात नाहीत. मास्क ओला झाला किंवा श्वास जड झाला की टाकायचा, ठोकून झटकून परत लावायचा नाही.

पण खरी अक्कल मास्कच्या आधी आहे, आणि हे मास्कच्या परीक्षणात लिहिणं भाग आहे. धूळ उडाल्यावर तिच्या मागे धावण्यापेक्षा जिथे तयार होते तिथेच ओढून घ्यायची. आपल्या १९४८च्या कारखाने कायद्याचं कलम १४ हेच सांगत आलं: उगमाच्या शक्य तितक्या जवळ ओढणारी यंत्रणा लावा. फ्लॅटमधल्या कामात याचा अर्थ सँडरला पाइप. सँडरमागे लटकणारी कापडी पिशवी मोठा भुसा धरते आणि बारीक पीठ विणीतून खोलीभर सोडते. तिथे पाइप लावून व्हॅक्यूमला जोडायचा. १२५ मिलिमीटरच्या सँडरच्या पॅडला भोकं असतात. सँडपेपर चिकटवताना कागदाची भोकं पॅडच्या भोकांवर तंतोतंत आली पाहिजेत. घाईत तिरका चिकटवलेला कागद म्हणजे बंद केलेलं धुराडं. व्हॅक्यूम चालू असूनही टेबलावर पांढरा थर का येतो, याचं कारण निम्म्या वेळा हेच निघतं.

घरातला साधा व्हॅक्यूम इथे चालत नाही. पुढून ओढतो आणि मागून बारीक धूळ सोडतो. युरोपीय दर्जाचा एम वर्गाचा हवा: तो ओढलेल्या धुळीपैकी ०.१ टक्क्याहून कमी बाहेर सोडतो, आणि पाइपमधल्या हवेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या खाली गेला की इशारा देतो. बॉशचा जीएएस ३५ एम एएफसी त्या वर्गातला. एल वर्ग स्वस्त, पण त्याची सूट १ टक्क्याची, लाकडाला नको. किंमत ऐकून ठेकेदार मागे सरतो, हे खरं आहे. ज्याच्याकडे चार मिस्त्री आहेत त्यानं मात्र हिशेब असा करावा: दर खोलीनंतर झाडलोट, प्लास्टिक झाकणं आणि पॉलिशवर बसलेली धूळ परत घासणं यात किती मजुरी जाते. शिवाय पॅसेजमध्ये पांढरी पावलं उमटली की सोसायटीच्या सेक्रेटरीशी होणारा वाद वाचतो.

वागळे किंवा रबाळ्याच्या गाळ्यांत दोन-तीन हॉर्सपॉवरचे कापडी पिशव्यांचे डस्ट कलेक्टर दिसतात. टेबल-करवत आणि रंधा मशीनच्या ढलप्यांना ते झकास. पण बारीक धूळ त्या पिशवीतून धुरासारखी बाहेर येते. सकाळच्या तिरप्या उन्हात पिशवीकडे बघा, दिसेल. तो कलेक्टर गाळ्याबाहेर तरी ठेवावा, नाहीतर पिशवी बदलून बारीक फिल्टरचा सिलिंडर बसवावा. आणि दिवसअखेरी कंप्रेसरच्या हवेनं कपडे, मशीन आणि डोकं झटकायची जी पद्धत आहे ती पहिल्यांदा बंद करावी. दिवसभर खाली बसलेली धूळ पाच मिनिटांत पुन्हा नाकाच्या उंचीवर येते, आणि त्या वेळी मास्क खिळ्याला टांगलेला असतो. कोरडा झाडूही तसाच. व्हॅक्यूम किंवा ओलं फडकं. लांबी (पुट्टी) घासताना वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा सँडपेपर, वापरता येतो तिथे तोच वापरावा.

आता पॉलिशवाल्याचं शून्य. २०९१ कण अडवते, वाफ नाही. थिनर, सीलर, लॅकर यांची वाफ तिच्यातून सरळ जाते, आणि मास्क घातलाय या भरवशावर माणूस दार लावून स्प्रे मारतो. त्याच ६२००ला वाफेसाठी ६००१ची कार्ट्रिज बसते. स्प्रे असेल तर तिच्यावर ५एन११ची चकती आणि ती धरून ठेवणारं ५०१ झाकण. फॉर्मल्डिहाइडसाठी ६००१ नाही, ६००५. कच्च्या प्लाय आणि एमडीएफच्या गोदामात डोळे चुरचुरतात ते याच वायूनं; आयएआरसीनं त्यालाही पहिल्या गटात ठेवलंय, मुख्यतः नाकाच्या मागे घशाच्या वरच्या भागातल्या कॅन्सरमुळे. दोन डब्यांच्या पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशमध्ये हार्डनर असतो, त्यात आयसोसायनेट. ते आत शिरलं तरी वास येईलच असं नाही, म्हणून कार्ट्रिज संपल्याचं कळत नाही. तिथे बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. कार्ट्रिज उघड्यावर टांगली तर रात्रभर खोलीतली वाफ शोषत बसते. झिपच्या पिशवीत बंद करावी आणि वर तारीख लिहावी.

फ्लॅटमालकासाठी एवढंच: प्लाय-एमडीएफ घेताना फॉर्मल्डिहाइड कमी सोडणारा ई१ किंवा ई० दर्जा मागा, उघड्या कडांना पट्टी लावून घ्या, आणि काम संपल्यावर सगळी कपाटं उघडी ठेवून घर हवेशीर राहू द्या.

टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या इतर कामांबद्दल थोडक्यात. निकेलच्या संयुगांचा नाकाच्या कॅन्सरशी संबंध पक्का आहे, तो प्रामुख्यानं निकेल शुद्ध करण्याच्या कारखान्यांतून कळला. क्रोम प्लेटिंगच्या टाकीवरच्या तुषारांनी नाकाचा पडदा झिजून भोक पडतं, हे जुनं दुखणं. तिथेही मास्कआधी टाकीच्या कडेनं ओढणारा एक्झॉस्ट. आणि विडी-सिगारेट हे वेगळं, स्वतंत्र कारण आहे. मास्क हनुवटीवर सरकवून ओढलेली विडी धुळीत भरच घालते.

मास्कची निगा. आठवड्यातून एकदा चकत्या काढून कप कोमट पाण्यात साध्या साबणानं धुवायचा आणि सावलीत वाळवायचा. थिनरनं पुसला तर रबर चिकट होऊन वेडंवाकडं होतं. चकत्या पाण्यात घालायच्या नाहीत, हवेनंही मारायच्या नाहीत. आतला फिल्टर फाटतो आणि बाहेरून कळत नाही. कोरड्या लाकडाच्या धुळीत चकती श्वास जड होईपर्यंत, किंवा ती चेपेपर्यंत वा फाटेपर्यंत चालते. धुताना बाहेरच्या झडपेचं झाकण उघडून आतली पातळ रबरी चकती बघा: तिच्याखाली भुशाचा एक कण अडकला तरी ती पूर्ण मिटत नाही आणि प्रत्येक श्वासाबरोबर फिल्टर न झालेली हवा आत येते. मास्क जुना झाला असं म्हणून टाकणाऱ्यांची बहुतेक वेळा ही एवढीशी झडपच गेलेली असते. बाहेरची झडप ७५८३, आतली ६८९३, पट्टा-जाळी ६२८१. सुटे भाग मिळतात.

वीस वर्षं धूळ खाल्लेल्यानं आज मास्क लावला तर आधीचं पुसलं जात नाही, म्हणून लक्षणं माहीत हवीत. सर्दीनं दोन्ही नाकपुड्या बंद होतात. एकच नाकपुडी तीन आठवड्यांहून जास्त चोंदलेली, त्याच बाजूनं रक्ताळलेला शेंबूड, त्याच बाजूचा डोळा पाणावणं, गाल बधिर होणं, वरचे दात हलणं किंवा एकाची दोन दिसणं यातलं काही असेल तर नाकाचे थेंब घालत बसू नये. कान-नाक-घसा विभागात दुर्बिणीनं नाक बघून घ्यावं. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात तो विभाग आहे. पुढची तपासणी लागली तर खारघरला टाटा मेमोरियलचं अॅक्ट्रेक आहे. केसपेपर करताना "सुतारकाम, इतकी वर्षं, सँडर आणि एमडीएफ" हे स्वतःहून सांगायचं, कारण घाईच्या ओपीडीत धंदा विचारला जाईलच असं नाही.

घेताना: खोक्यातल्या माहितीपत्रकावर चकतीसाठी टीसी-८४ए ने सुरू होणारा मंजुरी क्रमांक आणि चकतीवर पी१०० छापलेलं बघा, नक्कल भरपूर आहे. खोकं दुकानातच उघडा, घालून दोन्ही तपासण्या करा, सुटला तर ६१०० किंवा ६३०० मागा. चकत्यांची एक जोडी जास्तीची आणि दोन ७५८३ झडपा त्याच बिलात घ्या. एकट्या झडपेसाठी परत वागळेला खेप मारायला कुणी जात नाही.